खळ

दर मंगळवारी, दोन नंबरच्या खोलीत,
गज्जम मामा उजवा पाय माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवतात
आणि पंख्याकडे बघत बसतात,
पाय जणू शेजाऱ्याचा, सांभाळायला दिलेला.
केसपेपरवर पत्ता : साखर पेठ.
ते दर वेळी हसतात.
मी फक्त पहिल्यांदा हसले होते.

खिळा घुसला तेव्हा कळलंच नाही.
आठ टॉवेल-माग चालू होते, त्यात कोण ऐकतं.
रात्री चप्पल काढायला गेले
तर चप्पल निघेना.
नात ओरडली. मामा म्हणाले, ओरडतेस कशाला, दुखत नाही.

आज म्हणाले, "अम्मा, नेमकं काय बिघडलंय?
चाळीस वर्षं जॉबर होतो.
पार्टचं नाव सांगा."

मी कापसानं कड पुसत होते.
म्हटलं, मामा, सुताला खळ देता ना,
तशी रक्तातली साखर अंगातल्या धाग्यांना चिकटते.
"खळ धुतली की जाते."
ही जात नाही. आधी ओली असते, मग वर्षानुवर्षं मुरते,
कडक भाकरी तव्यावर तांबूस होते तशी
आतून तांबूस होत जाते रग, नस, डोळ्याचा पडदा.
"तवा कुठाय?"
तवा नाही. सदतीस अंश. मंद आच, वीस वर्षं.

आणि पार्ट?
पेशीच्या अंगावर एक कडी असते.
ती असतेच, सगळ्यांच्या. एरवी थोडीच, गप्प.
ही खळ लागलेली चिंधी वाहत येते आणि कडी वाजवते.
आत दिवे लागतात, धावपळ, आग आग, सूज.
तिचं इंग्रजी नाव भलं लांब,
चार अक्षरांत आखडलं की शब्द होतो : राग.
कॉलेजात आम्ही त्यावर हसलो होतो,
दोन मार्कांचा प्रश्न होता.

"मग आतला माणूस कडी काढून का टाकत नाही?"
उलट. जितकी वाजते तितक्या नव्या कड्या बसवतो
त्याच दारावर.

मामांनी पंख्यावरून नजर काढली.
पहिल्यांदाच पायाकडे पाहिलं.
"चांगल्या मागाला ड्रॉपर असतो.
धागा तुटला, ड्रॉपर पडला, माग थांबला.
तुमचा हा माग
धागा तुटला की स्पीड वाढवतो."

मला वर्गात कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मग मी त्यांना सुट्या कड्यांचं सांगितलं :
काही कड्या दारावरून तुटून रक्तात तरंगतात,
चिंध्या वाटेतच पकडतात, आत निरोप जात नाही.
"बदली कामगार," मामा म्हणाले, "पगार नाही, काम तेवढंच."
औषध?
शोधताहेत. उंदरांत जमतं.
"आमच्या सूतगोदामात उंदीर पुष्कळ.
लंगडणारा अजून बघितला नाही."

बालमणी मामी बाहेर बाकावर.
आज तिसऱ्यांदा विचारून गेल्या, आपण कुणाच्या घरी आलोय.
ती कडी मेंदूतही असते, तिथेही वाजते असा काहींचा संशय आहे.
हे मी मामांना सांगितलं नाही.
ड्रेसिंगच्या खोलीत सगळंच उघडायचं नसतं.

पट्टी मोजली. मागच्या मंगळवारी एकवीस मिलिमीटर,
आज वीस.
एक मिलिमीटर म्हणजे किती, ते जॉबरला सांगावं लागत नाही.

गॉज गुंडाळताना त्यांनी टोक हातात धरलं,
अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं,
डोळे मिटून.
बोटांना अजून कळतं.
"विरळ वीण. सूत बरं आहे."
आणि मग, जरा थांबून,
"याला खळ लावलेली नाही."

नाही मामा.
खळ असती तर यानं काही शोषलंच नसतं.